वजन बसलं, कुंदा

कुंदा, तुझा फोटो छापलेले टी-शर्ट धुऊन वाळून माझ्या घरात पडलेत आणि त्यांची घडी घालायला माझा हात धजत नाही. छातीवर तू आहेस. कबड्डी मंडळाच्या सेक्रेटरींनी, म्हणजे आपल्या भाऊंनी, निवडलेला तो फोटो तुला मुळीच आवडला नसता. कुणाच्या तरी लग्नातला आहे. त्यात तू नटूनथटून उभी आहेस आणि गळ्यात शिट्टी नाही. खाली लिहिलंय, ‘कुंदाबाईंसाठी’. ते मी सुचवलं. भाऊंना वाटलं, काय नेमकं सुचलं बाईंना.

लोक अजून मला रस्त्यात थांबवून तुझ्याबद्दल चांगलं बोलतात. मी मान खाली घालून ऐकते. त्यांना वाटतं, मैत्रीण गेली, बिचारी रडू आवरतेय. खरं सांगू? मला लाज वाटते गं. रडायला बसले की आधी लाज पुढं येते आणि रडू मागच्या मागं पळतं. तू गेलीस त्याचं नीट दुःखसुद्धा मला करता आलेलं नाही. म्हणून म्हटलं, दुसऱ्या कुणाला सांगण्यापेक्षा तुलाच सांगावं. तू शिव्या घातल्या असत्यास, पण ऐकून घेतलं असतंस.

आपलं पटलं कधी? तू चिंचणीची, चिकू-नारळाच्या वाडीत वाढलेली, शाळेत खेळाच्या बाई. मी सांगलीकडची, नवऱ्याच्या कंपनीपायी बोईसरला येऊन पडलेली. पहिल्याच दिवशी तू मला ‘घाटीण’ म्हणालीस आणि तुझ्या काटकुळ्या अंगाकडे बघून मी तुला ‘बोंबील’. तीच नावं कायम झाली. सालवडच्या मैदानावर आपण मुलींना कबड्डी शिकवायला लागलो तेव्हा वाटणीही न बोलता झाली. चढाई आणि पकड माझी. बाकी सगळं, म्हणजे माझ्या मते बिनकामाचं सगळं, तुझं. कुणाची नखं वाढलीत, कुणाचा बूट पुढून फाटलाय, कुणाला झोप पुरत नाही, कुणाची पाळी चार महिने आलेली नाही. तू हे भर मैदानात मोठ्यानं विचारायचीस आणि मी लाजून दुसरीकडे बघायची. पोरी मात्र लाजायच्या नाहीत. तुझ्यापुढे त्यांना कशाचीच लाज वाटायची नाही.

तू त्यांना आधी पडायला शिकवलंस. मी म्हणाले, अगं, पकडायला शिकव, पडतील त्या आपोआप. तू ऐकलं नाहीस. वाळूत नेऊन खांदा कसा टेकवायचा, हात कसा आत घ्यायचा, उडी मारल्यावर गुडघा किती वाकवायचा, हेच चाललेलं. कुणाचा पाय मुरगळला की मी म्हणायची, चोळ आणि उभी राहा. तू मला कोपरानं बाजूला सारायचीस. “चोळू नको गं बाय, सुजेल,” म्हणायचीस आणि मासळीबाजारातून आणलेल्या बर्फाचं खोकं उघडायचीस. त्या बर्फानं पोरींच्या घोट्यांना असा वास यायचा की एकीच्या आईनं तक्रार केली, खेळाच्या नावाखाली पोरगी बाजारात बांगडे खायला जाते म्हणून. आठवडाभर हसत होतो आपण.

आणि तुझी ती हक्काची सुट्टी. स्पर्धा तोंडावर आली तरी आठवड्यात एक दिवस मैदान बंद म्हणजे बंद. मी कंपनीच्या शिफ्टांवर जगलेल्या घरातली बाई, माझा जीव खालीवर व्हायचा. मी भांडले की तू शांतपणे म्हणायचीस, “हाडं पोरी झोपल्या की वाढतात, तुज्या शिट्टीनं नाय.” मला राग यायचा.

दुसऱ्या संघांच्या पोरी गुडघ्याला पट्टे बांधून यायच्या, निम्म्या जणी बाकावर बसलेल्या असायच्या. आपल्या पोरी धावत असायच्या. लोक विचारायचे, बाई, काय खायला घालता हो यांना? आणि मी पुढं होऊन सांगायची, आमच्या पोरी चिवट आहेत, आम्ही लाड करत नाही. तू मागं पाण्याच्या बाटल्या भरत असायचीस. एकदाही तू मला तिथं तोंडघशी पाडलं नाहीस. हे मी तू असताना बोलले असते तर तू म्हणाली असतीस, घाटिणीला ताप आलाय.

आता वजनाचं. आपलं खरं भांडण तेच आणि ते अर्ध्यावर राहिलं.

किशोरी गटात खेळायचं तर वय बसावं लागतं आणि वजनही बसावं लागतं. पोरी त्याच वयात वाढतात. एका उन्हाळ्यात उंची वाढते, अंग भरतं आणि काटा पुढं सरकतो. मग सगळे संघ करतात तेच मीही करायची. जिल्ह्याच्या निवड चाचणीच्या आधी जेवण तोडायचं, पाणी तोडायचं, स्वेटर घालून पळवायचं, थुंकायला लावायचं. आम्ही खेळायचो तेव्हा नाही केलं? आम्ही मेलो का? हे माझं ठरलेलं वाक्य होतं. तू म्हणायचीस, मेलो नाय, पण तुजी कंबर बघ, तुला धड मांडी घालता येत नाय. तू अडवल्यापासून मी ते तुझ्यासमोर करणं बंद केलं. समोर बंद केलं, एवढंच. एखादीला बाजूला घेऊन हळूच सांगायची, दोन दिवस भात सोड गं. तुला कळायचं. त्या दिवशी तू माझ्याशी बोलायची नाहीस.

या वर्षी दर्शनाचं वजन वाढलं. मासवणची आपली दर्शना, जिला बघायला समोरच्या संघाचे कोचसुद्धा खुर्ची पुढं ओढतात. तिला तू शोधलंस. आंतरशालेय सामन्यात अनवाणी पळताना बघितलंस आणि घरी जाऊन तिच्या आईची समजूत काढलीस. पोरीचा तुझ्यावर एवढा जीव की तू बस म्हणालीस तर ती चिखलातही बसायची. तू म्हणालीस, हिला वरच्या, कुमारी गटात खेळवू, अंग वाढतंय तर वाढू दे. मी म्हणाले, तिथं वीस वर्षांच्या घोड्या आहेत, चेचतील तिला. इथं ती जिल्ह्यात पहिली येईल, तिथं बाकावर बसेल. तू म्हणालीस, बसू दे. मी म्हणाले, बसायला तिच्याकडे वेळ आहे का? दहावी झाली की घरचे काय करतील, तुला माहीत नाही? हातात एखादं प्रमाणपत्र असेल तर कॉलेज मिळेल, पुढं पोलिसात भरती होता येईल. तू मग म्हणालीस, “बघू.”

दुसऱ्या दिवशी तुला ताप आला.

दवाखान्यात मी भेटायला आले तेव्हा तुझे ओठ फुटले होते आणि आवाज अगदी खोल गेला होता. तरी तू विचारलंस, दर्शनाचं काय ठरवलंस? मी तुझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, तू आधी बरी हो, मग दोघी मिळून ठरवू. कुंदा, माझं ठरलेलं होतं. आदल्याच दिवशी मी भाऊंना सांगून तिचं नाव किशोरीत घातलं होतं. पोटात एक आणि ओठात एक ठेवून मी तुझ्या उशाशी बसले होते. तू डोळे मिटून हसलीस, म्हणजे तुझा विश्वास बसला असणार. त्यानंतर आपण बोललो नाही. तू बरी होशील आणि मग भांडशील असं मी धरून चालले होते.

मंडळानं मैदानावरच शोकसभा ठेवली. पोरी ओळीनं उभ्या राहून हुंदके देत होत्या. भाऊ बोलले, शाळेतले बोलले, मग मला उभं केलं. मला तुझ्याबद्दल एक धड वाक्य सुचेना. मग मी एकदम म्हणाले, रडायचं नाही, कुंदासाठी ही चाचणी जिंकायची. टाळ्या पडल्या. पोरींनी डोळे पुसले. भाऊंनी तिथंच टी-शर्टचं जाहीर केलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वाटलं, तुझ्यासाठी काहीतरी करतेय मी.

मग मी दर्शनाला बाजूला घेतलं. तिला सांगितलं, वजन थोडं जास्त आहे, उतरवावं लागेल. ती म्हणाली, कुंदाबाई नको म्हणाल्या होत्या ना? मी म्हणाले, कुंदाबाईंसाठीच करायचंय. बघ, तुला जमतंय का. पोरीनं लगेच मान हलवली. एवढं सोपं होतं ते. मी ओरडले नाही, धाक दाखवला नाही. तुझं नाव घेतलं आणि काम झालं.

मासवणहून रोजची ये-जा नको म्हणून मी तिला माझ्याकडे राहायला आणली. तिच्या आईनं सोबत तांदळाचं पीठ दिलं, सुकट दिली, म्हणाली, बाई, हिला सकाळची भूक फार. ते पीठ मी डब्यात ओतून ठेवलं आणि डबा वरच्या फळीवर ठेवला. पहिले काही दिवस ती अर्धं जेवली. मग काकडी आणि चहा. शेवटी तेही नाही. नवऱ्याचा कंपनीतला प्लास्टिकचा रेनकोट तिच्या अंगात चढवला आणि भर उन्हात तिला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. आतून घामाच्या धारा लागल्या तर मी खूश. ती चूळ भरायला नळाशी गेली तरी मी मागं उभी राहायची, पाणी गिळते की काय म्हणून. माझा नवरा सहसा माझ्या खेळात पडत नाही. तो ताटावरून उठताना एवढंच म्हणाला की तिच्यासमोर जेवायला त्याला लाज वाटते. मी त्याला सांगितलं, तुम्ही आत बसून जेवत जा.

पालघरला चाचणीच्या सकाळी ती काट्यावर चढली. टी-शर्टवर तू होतीस. काटा थरथरला आणि थांबला. वजन बसलं, कुंदा. मी तिला मिठी मारली तर तिचं अंग गरम आणि कोरडं लागलं. केळं दिलं, ग्लुकोज दिलं, तिनं मंडपामागं जाऊन सगळं ओकून टाकलं. मी तिचं तोंड पुसलं आणि म्हणाले, होतं असं, खेळायला लागलीस की विसरशील.

पहिला सामना तिनं एकटीनं ओढून काढला. दुसऱ्यात चढाईला गेली, मधल्या रेषेपासून दोन पावलं पुढं झाली आणि खाली बसली. समोरच्या पोरींनी तिला हातही लावला नव्हता. ती तशीच कुशीवर कलंडली. तू शिकवलेलं पडणं नव्हतं ते, डोकं आपटलं. पंचांनी शिट्टी फुंकली. मी धावले, तेव्हा तिचे डोळे उघडे होते आणि ती मला ओळखत नव्हती.

दवाखान्यात सलाईन लावायला शीर सापडेना. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणीच उरलेलं नाही. या वयात असं करत राहिलं तर मूत्रपिंडांवर येतं, हाडांवर येतं, पाळीवर येतं. त्यांनी विचारलं, हिनं काल काय खाल्लं होतं? तोवर तिची आई मासवणहून येऊन पोचली होती, शेतातून उठून आली होती तशीच. माझ्याआधी तीच म्हणाली, “बाईंकडं होती ना. बाई कशाला उपाशी ठेवतील पोरीला?”

मी मूग गिळून उभी राहिले. चांगली तासभर उभी होते. तिची आई मलाच धीर देत होती, बाई, बसा, तुमी दमल्या असाल. मी बसले नाही. मग दर्शनानं डोळे उघडले. आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पहिलं काय विचारलं असेल?

“बाई, वजन बसलं ना?”

बसलं, मी म्हणाले. ती हसली आणि परत डोळे मिटले. आई माझ्याकडे वळून म्हणाली, वजन कसलं? मग मात्र मी सांगितलं. फळीवरचा डबा, रेनकोट, नळ, सगळं. डॉक्टरांना जाऊन सांगितलं. तिच्या आईसमोर परत सांगितलं, कारण पहिल्यांदा तिचा विश्वास बसला नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं की कुंदाबाईंनी तसं सांगून ठेवलं होतं का. पोरगी फोनवर म्हणाली होती म्हणे, हे कुंदाबाईंसाठी आहे.

“नाही,” मी म्हणाले. “कुंदा नकोच म्हणाली होती.”

“मग त्यांचं नाव कशाला घेतलंत?”

तू असतीस तर तुझ्यापुढं वाद घातला असता. वीस कारणं काढली असती. त्या बाईपुढं एकही निघालं नाही.

पुढचं ऐक. भाऊ पेढे घेऊनच दवाखान्यात आले. त्या एका सामन्याच्या जोरावर दर्शनाची निवड झाली होती, जिल्ह्याच्या सराव शिबिरासाठी. भाऊ माझ्या कानाशी येऊन म्हणाले, आता महिनाभर वजन तेवढं धरून ठेवा, बाई, तिथं परत काटा आहे. मी त्याच दिवशी तिचं नाव मागं घेतलं. भाऊ चिडले. म्हणाले, कुंदाबाईंच्या नावानं मिळालेलं तुम्ही घालवताय. मी म्हणाले, कुंदाचं नाव आता पुरे. त्यांना वाटलं, मी दुःखानं भ्रमिष्ट झालेय.

दर्शना तर माझं तोंड बघेना. घरी सोडल्यावर तिनं मैत्रिणीकरवी मला निरोप धाडला, कुंदाबाई असत्या तर त्यांनी मला शिबिराला नेलं असतं. मी तो निरोप ऐकून घेतला. खोडून काढला नाही. तिनं मला वाईट म्हणावं, हे ठीकच आहे. पण जे तू केलं असतंस ते मी एकदा केलं, उशिरा केलं, आणि त्याबद्दल ती तुझ्याच नावानं मला बोल लावतेय. गंमत वाटते का तुला? मला वाटली. बाथरूममध्ये नळ सोडून हसले आणि मग रडू आलं, तू गेल्यापासून पहिल्यांदा नीट.

आणि तरीही भांडण मिटलेलं नाही, सांगून ठेवते. माझं सगळंच चूक नव्हतं. कुमारी गटात ती दोन वर्षं मार खाईल. तोवर घरचे थांबतील का? तिच्या वर्गातल्या एकीचं लग्न ठरतंय म्हणे. त्या पोरीला निरोगी ठेवून आपण तिला कुठं पोचवणार होतो, याचं उत्तर तू मला कधी दिलं नाहीस. ‘बघू’ म्हणालीस आणि निघून गेलीस. हा तुझा अन्याय आहे, बोंबीला. उपाशी ठेवायचं नाही, हे मला कळलं. पण पुढं काय, ते एकटीनं शोधायला मला ठेवून गेलीस. तू असतीस तर आपण भांडत भांडत काहीतरी काढलं असतं. आतापर्यंत जे काही धड झालं ते तसंच झालं होतं, आणि त्यातलं माझं किती होतं, ते मला आता मोजायला नको वाटतं.

काल मी मासवणला गेले. न बोलावता गेले. दर्शना ओट्यावर बसून अभ्यास करत होती, मला बघून आत गेली. तिच्या आईनं मला बस म्हटलं. मी माफी मागायची म्हणून वाटभर शब्द जुळवले होते, ते सगळे तिथं अडखळले. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, जेवून जा, आमी पण बसतोच आता. नाही म्हणायचं तोंड मला नव्हतं.

तांदळाच्या भाकऱ्या होत्या, सुकटाची चटणी, कांदा. आईनं एक मला वाढली, एक पोरीला वाढली. दर्शना माझ्याकडे न बघता खाली मान घालून बसली. तिनं भाकरी मधोमध मोडली आणि अर्धी परत टोपलीत ठेवली. आईनं ती उचलून तिच्या ताटात टाकली. पोरीनं ती पुन्हा टोपलीत ठेवली, हळूच, आईच्या मनाला लागू नये अशी. मी म्हणाले, दर्शना, आता वजन नाही उतरवायचं गं, खा.

दवाखान्यानंतर ती पहिल्यांदाच माझ्याशी बोलली. आवाजात राग नव्हता. म्हणाली, “जात नाय, बाई. सवय झाली.”

तिची आई हातातलं काम सोडून माझ्याकडे बघत राहिली. माझ्या ताटात अख्खी भाकरी होती, कुंदा.